ऊन मालगाडीने येत नाही

हवामान धोरणाची चर्चा निघाली की रेल्वेचं तर भलंच होणार, असं सगळे धरून चालतात. मीही चालायचो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये मांडलेला हिशोबच तसा होता: जगातली ८ टक्के प्रवासी आणि ७ टक्के मालवाहतूक रेल्वेची, आणि वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी रेल्वेच्या वाट्याची जेमतेम २ टक्के.

पण वाघिणींत भरलेलं काय असतं? भारतीय रेल्वेच्या मालात वजनाने जवळपास निम्मा कोळसा. आणि प्रवासी भाड्यातला तोटा भरून निघतो तो मालाच्या कमाईतून. म्हणजे आपल्या स्वस्त तिकिटाचे पैसे बऱ्याच अंशी कोळसाच भरतोय. औष्णिक केंद्राला रोज कोळशाचे रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, लागतात. सौर प्रकल्पाला एकदा पॅनेल पोचवली की पुढची वीस-पंचवीस वर्षं रेल्वेशी त्याचा फारसा संबंध नाही.

अमेरिकेत हे होऊन गेलंय. २००५ च्या सुमारास तिथली निम्मी वीज कोळशाची होती, २०२३ मध्ये साधारण १६ टक्के. (यात धोरणापेक्षा स्वस्त नैसर्गिक वायूचा हात मोठा, हे कबूल.) वायोमिंगच्या खाणींतून निघणाऱ्या मैलभर लांबीच्या कोळसागाड्या त्याबरोबर कमी होत गेल्या.

बरं, धोरण तरी रेल्वेच्या बाजूचं असतं का? युरोपात २००५ पासून वीजकेंद्रांना कार्बनचे परवाने, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढ्याचे परवाने, लागतात. त्याचा खर्च विजेच्या बिलातून विजेवरच्या रेल्वेगाडीला लागतो. विमानं त्यात २०१२ मध्ये आली, तीही युरोपांतर्गत उड्डाणांपुरती, आणि बरीच वर्षं बहुतेक परवाने त्यांना फुकट मिळाले. फ्रान्सने २०२३ मध्ये कमी अंतराच्या विमानांवर बंदी घातली म्हणून केवढा गाजावाजा झाला! प्रत्यक्षात बंद झाले ते पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून सुटणारे तीन मार्ग.

डिझेलऐवजी हायड्रोजनवर चालणाऱ्या रेल्वेगाड्यांबद्दल फार लिहीत नाही. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याने २०२२ मध्ये हायड्रोजनच्या गाड्या नियमित सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी सांगितलं की आता यापुढे बॅटरीच्या घेऊ. जिथे रहदारी आहे तिथे सरळ रुळांवरून विजेच्या तारा टाकाव्यात, असं माझं मत.

खरा पेच कोळशाची जागा कोण घेणार, हा आहे. कोळसा रेल्वेला फार सोयीचा: एक खाण, एक वीजकेंद्र, भरलेला अख्खा रेक, घाई नाही. बाकीचा माल येतो तुकड्या-तुकड्यांनी. तो गोळा करायला टर्मिनल हवं, गाडी वेळेवर हवी, शेवटचे दहा किलोमीटर ट्रक हवाच. मग व्यापारी म्हणतो, ट्रकच लावतो ना पहिल्यापासून. उद्या तो ट्रकही विजेवर धावू लागला की ‘आम्ही हरित’ एवढ्या भांडवलावर रेल्वेला तो माल ओढता येणार नाही.

रेल्वेने डिझेल किती वाचवलं याचे आकडे अधूनमधून वाचायला मिळतात. कोळशाचं भाडं आटल्यावर प्रवासी गाड्यांचा तोटा कोण भरणार, तिकीट घेणारा की कर भरणारा, यावर मात्र कुणी बोलताना मला तरी दिसलेलं नाही.