कोथरूडकर, गाडीचं नाव का घेतलं नाही ते सांगतो

कोथरूडकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून होती, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: माझी ॲडव्हेंचर बाईक दोनदा बंद पडली, एकदा वरंधा घाटात आणि एकदा मनाली-लेह रस्त्यावर जिस्पाच्या पुढं, असं मी लिहिलं होतं. या गाड्या भरवशाच्या नाहीत आणि आपण मालकच ते झाकतो, असंही ठोकून दिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की कंपनीचं नाव न घेता चिखलफेक करणं हा भित्रेपणा आहे. तुमची फेब्रुवारी २०२१ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० एक्केचाळीस हजार किलोमीटर चालली, दोनदा लेहला जाऊन आली, कुठं साधी खोकलीसुद्धा नाही. आणि ज्याला बिघाड सोसत नाहीत त्यानं रविवारी भोरला मिसळ खाऊन परत यावं, ॲडव्हेंचरच्या नादी लागू नये.

मिसळ मी खातोच, तो टोमणा लागला नाही. नावाचं मात्र सांगतो.

मागं एकदा मी नाव घेऊन लिहिलं होतं. विषय चेनसेट लवकर झिजण्याचा होता. प्रतिक्रिया भरपूर आल्या. त्यातल्या निम्म्या ‘तू अमक्या कंपनीचा माणूस’ या धर्तीच्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांना उत्तर देणाऱ्या. चेनबद्दल अवाक्षर नाही. म्हणून या वेळी नाव मुद्दाम गाळलं. निदान साइड स्टँडच्या स्विचवर कोणी बोलेल अशी आशा होती.

वरंध्यात तेच झालं होतं. पाऊस, चिखल, भोरकडून महाडकडं उतरत होतो. फोटोसाठी थांबलो, परत स्टार्टर मारला, न्यूट्रलला इंजिन चालू. पहिला टाकला की बंद. पुन्हा न्यूट्रल, चालू, पहिला, बंद. स्टँड वर केलेला असूनही तो खालीच आहे असं स्विच सांगत होता, आणि स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन बंद पाडायचं हे सुरक्षेसाठीच ठेवलेलं असतं. कल्पना उत्तम. पण तो स्विच बसवलाय कुठं, तर पुढच्या चाकाचा सगळा चिखल जिथं येऊन आदळतो तिथं. पाण्याच्या बाटलीनं धुतला, फुंकला, शिव्या दिल्या, काही नाही. काही गाड्यांत त्याच्या दोन वायरी जोडून वेळ मारून नेता येते, काहींत सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि नुसत्या वायरी जोडून भागत नाही. माझी दुसऱ्या जातीची निघाली. महाडहून टेम्पो यायला साडेचार तास लागले.

आता याला तुमच्या भाषेत ॲडव्हेंचर म्हणायचं का? दरड कोसळून रस्ता अडला तर मी तक्रार करत नाही. ओढ्याला पाणी जास्त असेल तर परत फिरतो. ते आपण विकत घेतलेलं असतं. पण ज्या गाडीला चिखलात जाण्यासाठी म्हणून तीन-साडेतीन लाख मोजले, तिचा एक सुटा भाग चिखलालाच घाबरत असेल, तर त्याला मी चूक म्हणणार. लक्ष्मी रोडवर हाच स्विच गेला तर माणूस रिक्षा करून घरी जातो.

जिस्पाच्या बाबतीत तुमचं थोडं मान्य करतो. तिथं फ्युएल पंप गेला आणि गाडी पिकअपमध्ये घालून अटल बोगद्यातून मनालीला परत आणली, एवढं मी लेखात लिहिलं. जे लिहिलं नाही ते असं: तांडीला पंपावर टाकी भरली होती (पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी तिथं असायची), शिवाय दोन कॅन भरून घेतले होते आणि कॅनमधलं पेट्रोल न गाळता टाकीत ओतलं. मनालीच्या मेकॅनिकनं पंप उघडला तेव्हा जाळीवर काळा गाळ होता. कॅन माझे, आळस माझा. हे लेखात यायला हवं होतं. आता घातलंय, आणि ‘भरवशाच्या नाहीत’ हे सरसकट वाक्य काढून ‘माझी गाडी दोनदा बंद पडली’ एवढंच ठेवलंय.

पण मग तुमच्या एक्केचाळीस हजारांचं काय? तुम्ही खोटं बोलताय असं मी एक क्षणही म्हणत नाही. फक्त त्यातून निष्कर्ष किती काढायचा ते बघू.

मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डनं २,३६,९६६ गाड्या परत तपासायला बोलावल्या. इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागात, दोष होता. इंजिन मिसफायर होणं, ताकद कमी होणं, क्वचित शॉर्टसर्किट. कंपनीनं स्वतःच्या चाचण्यांमध्ये तो शोधला आणि स्वतःहून जाहीर केला, हे तिच्या श्रेयाचंच. तेव्हाच तिनं असंही सांगितलं की यांतल्या दहा टक्क्यांहून कमी गाड्यांना भाग बदलावा लागेल असा अंदाज आहे. म्हणजे दहातले नऊ मालक छातीवर हात ठेवून ‘माझी गाडी मस्त आहे’ म्हणाले असते, आणि नऊच्या नऊ खरं बोलले असते. दोषही तितकाच खरा होता. तुमचे एक्केचाळीस हजार किलोमीटर एका गाडीबद्दल सांगतात. माझे दोन बिघाडही एकाच गाडीबद्दल. आपण दोघं वर्षभर भांडलो तरी मॉडेलबद्दल त्यातून काही निघणार नाही.

निघेल ते जॉबकार्डांतून, म्हणजे गॅरेजवाले प्रत्येक दुरुस्तीची नोंद करतात त्या कागदांतून. तोच भाग, साधारण तेवढ्याच किलोमीटरवर, दहा वेगवेगळ्या गाड्यांत गेला तर ती बातमी. आणि इथंच आपली निष्ठा आडवी येते. आमच्या शनिवार पेठेतल्या गॅरेजचे मामा म्हणतात, गाडीवर जीव असलेलं गिऱ्हाईक कधी नीट सांगत नाही. ‘जरा पिकअप कमी वाटतोय’ म्हणतं आणि क्लच प्लेटा जळालेल्या असतात. नवऱ्या मुलाचं वय विचारल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

हे काही नवं नाही. माझे वडील रोज सकाळी वाड्याच्या बोळात स्कूटर डाव्या अंगावर आडवी करायचे, मग उभी करून किक मारायचे. डिकीत प्लग घासायला पॉलिश पेपर कायम. आम्ही मुलांनी त्याला बिघाड कधी मानलंच नाही, तो स्कूटरचा स्वभाव होता. जुने बुलेटवाले अजून म्हणतात ना, तेल गळत नसेल तर समज की आत तेलच उरलं नाही. परदेशी महागड्या गाड्यांचंही तेच. बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेत १२०० आली तेव्हा मागच्या चाकाजवळचा फायनल ड्राइव्ह (इंजिनची ताकद चाकाला देणारा गिअरचा डबा) निकामी होण्याच्या तक्रारी जगभर होत्या. मालकांनी गाडी सोडली नाही. लांबच्या प्रवासाला निघताना त्याचं बेअरिंग तपासायचं, एवढी एक सवय वाढली. यात मला प्रेमही दिसतं आणि एक सोयही दिसते: एवढे पैसे घातल्यावर आपला निर्णय चुकला हे मित्रांसमोर कोण म्हणणार? मीही वरंध्याचा किस्सा पहिले तीन महिने ‘पावसात मजा आली’ एवढाच सांगत होतो.

गप्प राहण्याची एक किंमत असते, तीही सांगून ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं. धोकादायक दोषासाठी सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि त्यासाठीच्या आधारांपैकी एक म्हणजे ठराविक टक्के मालकांनी नोंदवलेली तक्रार. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे डोळे मिचकावणारे चेहरे त्या टक्केवारीत धरत नाहीत.

राहता राहिला ‘तू दुसऱ्या कंपनीचा माणूस’ हा आरोप. तो तुम्ही केला नाहीत, तुमच्याखाली दोघांनी केलाय. चाकणला केटीएम बनतात आणि मी पुण्यात राहतो, एवढाच पुरावा असेल तर अर्धं पिंपरी-चिंचवड आरोपी ठरेल.

आणि एक राहिलंच. तुमची क्लासिक फेब्रुवारी २०२१ ची म्हणालात. त्या बोलावण्यात जानेवारी ते एप्रिल २०२१ मध्ये बनून विकल्या गेलेल्या क्लासिक होत्या. त्या उन्हाळ्यानंतरच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड सापडलं तर बघा, कॉइल तपासल्याचं किंवा बदलल्याचं लिहिलंय का. नसेल तर चेसिस नंबर घेऊन एकदा सर्व्हिस सेंटरला विचारा. तिसऱ्यांदा लेहला निघायच्या आधी विचारलेलं बरं.