त्याची जागा अजून रिकामी आहे

पोलिसांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या आमच्या शहराच्या नागरिक मंडळावरची माझी तीन वर्षांची मुदत गेल्या महिन्यात संपली. अमेरिकेतलं हे शहर कुठलं ते लिहीत नाही, आणि खाली जे प्रकरण सांगणार आहे त्याचे तपशीलही बदलले आहेत. मुदत संपली तरी गोपनीयतेची शपथ संपत नाही. "तुम्ही तिथे बसून नक्की करता काय?" असं अनेकांनी विचारलं होतं. तेव्हा वेळ नव्हता, आज सविस्तर सांगते. थोडं लांबेल.

कुणी पोलिसाविरुद्ध तक्रार केली की तिची चौकशी खात्याचाच अंतर्गत विभाग करतो. ती पूर्ण झाली की फाइल आमच्याकडे येते: तक्रारदाराचा जबाब, अधिकाऱ्याचा अहवाल, वायरलेसवरच्या बोलण्याची नोंद, बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज. चौकशी नीट झाली का आणि तिचा निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का, हे आम्ही पाहायचं. पटलं नाही तर पोलीस प्रमुखांना लेखी शिफारस करायची. ती मानायची की नाही हे त्यांच्या हातात. एखादी फाइल दोन तासांत होते, एखादी दोन रविवार खाते. वाचताना चुकलो तर एका बाजूला एखाद्याची नोकरी आहे आणि दुसऱ्या बाजूला एखाद्याचा अपमान कायमचा कागदावर 'तथ्य आढळले नाही' म्हणून बसणार आहे, हे डोक्यातून जात नाही. या सगळ्याला पैसे मिळत नाहीत. आम्ही सगळे स्वयंसेवक.

अशी मंडळं कुठेही सुखासुखी आलेली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली महापौर जॉन लिंडसे यांनी पोलीस तक्रार मंडळावर बाहेरचे नागरिक नेमले, तर पोलिसांच्या युनियनने सार्वमत घ्यायला लावलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ते मंडळ मोडीत काढलं. संपूर्णपणे नागरिकांचं मंडळ तिथे यायला १९९३ साल उजाडलं. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराच्या लोकांनी २०१८ साली मत देऊन मंडळ मिळवलं, आणि पाचच वर्षांत त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून त्याचे चौकशीचे अधिकार काढून घेतले. फ्लोरिडाने २०२४ साली तेच केलं. मला याचा मनस्वी राग येतो. पण आज माझा मुद्दा वेगळा आहे. तो आहे खुर्च्यांवर कोण बसतं याचा.

मंडळावर गेल्यावर आधी प्रशिक्षण झालं. सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ सालचा ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर हा निकाल समजावून सांगितला. बळाचा वापर योग्य होता की नाही हे नंतर निवांत बसून मिळालेल्या शहाणपणावरून ठरवायचं नाही. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याला जे दिसलं असतं त्यावरून ठरवायचं. मग एक रात्र गस्तीच्या गाडीत बसवलं. त्या रात्रीचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. अंधारात समोरच्याचे हात किती कमी दिसतात, वायरलेसवरून किती अर्धवट माहिती येते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मात्र अडवलेल्या गाडीच्या आत, स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे दाखवणारी रात्र आमच्या प्रशिक्षणात नव्हती.

ती उणीव एका सहकाऱ्याने भरून काढली. तो गोदामात पाळीचं काम करायचा. पोलिसांनी गाडी थांबवण्याचा अनुभव त्याला इतक्यांदा आला होता की त्याने मोजणं सोडलं होतं. मंडळावरचे बाकीचे आम्ही म्हणजे दोन निवृत्त शिक्षक, एक वकील, एक दंतवैद्य, घरून काम करणारी मी आणि असेच आणखी काहीजण.

एक फाइल आली. रात्री गाडी थांबवली, चालकाने कागदपत्रं द्यायला टाळाटाळ केली, म्हणून त्याला बाहेर ओढून बेड्या घातल्या. अहवालात शब्द होता 'असहकार'. आम्ही सगळ्यांनी फुटेज पाहिलं होतं. मी दोनदा पाहिलं होतं. मलाही तो माणूस गप्प बसून वेळ काढतोय असंच वाटलं. हा सहकारी म्हणाला, "त्याचे हात बघा. दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत आणि तो ते हलवत नाहीये. कागद समोरच्या कप्प्यात आहेत. तिकडे हात नेला तर हे गोळी घालतील अशी त्याला भीती वाटतेय." मग आवाज वाढवून तो तुकडा पुन्हा लावला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाखाली चालकाचं पुटपुटणं ऐकू आलं: मी कप्पा उघडू का? थोड्या वेळाने पुन्हा तेच. तो परवानगी मागत होता.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. दोनदा पाहूनही मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण तो आवाज शोधायला हवा हेच मला माहीत नव्हतं. त्या फाइलीवर आम्ही एकमताने शिफारस बदलली.

आठ महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. बैठक संध्याकाळी सहाला, त्याची पाळी साडेपाचला. पाळी बदलून घेतली की तेवढे पैसे बुडायचे, आणि मुलीला सांभाळायला माणूस लावला की आणखी जायचे. मुकादमाने दोनदा समज दिली होती. निरोपाच्या बैठकीत आम्ही त्याला फुलं दिली. मला ते आठवलं की अजून लाज वाटते. त्याला वेळ हवा होता.

भत्त्याचा विषय मी मंडळात काढला तेव्हा आमच्यातल्याच काहींनी आक्षेप घेतला. सेवेला मोल लावलं की सेवेचा भाव जातो, हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक होता आणि मी तो आदराने ऐकला. पण ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निर्णय द्यायला निवडलेल्या साध्या नागरिकांचं, उदाहरण बघा. इथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात ज्युरीवर बसणाऱ्याला दिवसाचे ५० डॉलर मिळतात आणि त्या कामासाठी गेला म्हणून मालक त्याला नोकरीवरून काढू शकत नाही. म्हणून त्याचा न्याय विकत घेतला असं कुणी म्हणत नाही. आमच्या शहरात मंडळाच्या सदस्याला यातलं काहीच नाही. मग ज्यांना परवडतं तेच येतात. आणि ज्यांना परवडतं त्यांना रस्त्यात पोलीस फारसे अडवत नाहीत. माझंच सांगते, इतक्या वर्षांत माझी गाडी फक्त एकदा थांबवली गेली, मागचा दिवा गेलाय हे सांगायला.

शिकागो शहराने २०२१ साली पोलिसांवरच्या नागरिक देखरेखीसाठी स्थानिक कायदा केला. पोलिसांच्या २२ विभागांत प्रत्येकी तीन, अशा ६६ जागांसाठी २०२३ साली लोकांनी मतदान केलं. निवडून आलेल्यांना महिन्याला ५०० डॉलर मिळतात. रक्कम मोठी नाही, पण मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा खर्च निघतो.

इंग्लंडचं थोडं निराळं. १९८१ सालच्या लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर न्यायाधीश लॉर्ड स्कार्मन यांच्या चौकशी अहवालाने सुचवल्यावरून तिथे साधे नागरिक पोलीस कोठड्या तपासायला जाऊ लागले. २००२ च्या कायद्याने त्याला बळ दिलं. दोघांनी मिळून जायचं, न कळवता, दिवसा किंवा रात्री, आणि कोठडीतल्या माणसाला विचारायचं: खायला मिळालं का, डॉक्टर आला का, हक्क सांगितले का. त्यांनाही फक्त खर्च मिळतो. पण भेट आपल्या सवडीच्या वेळी, अगदी पहाटेसुद्धा, ठरवता येते, म्हणून पाळीचं काम करणाऱ्याला ते जमण्यासारखं आहे. आणि सुरक्षेचं ठोस कारण नसेल तर दार लगेच उघडावं लागतं. आम्हाला एका फुटेजसाठी अकरा आठवडे थांबावं लागलं होतं.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. बैठकीमागे भत्ता द्या. मुलांना सांभाळायची सोय तिथेच करा. महिन्यातली एक बैठक शनिवारी सकाळी घ्या. मूळ फुटेज आम्ही मागितल्यापासून ठराविक दिवसांत मिळालं पाहिजे, आणि शिफारस फेटाळली तर प्रमुखांनी कारण लिहून द्यावं. सुट्टीचे दिवस घालून केलेलं काम अनुत्तरित पडून राहिलं की माणसं निघून जातात. तीन वर्षांत आमच्यातले चौघे असे गेले.

येत्या मंगळवारी नगर परिषदेसमोर हे मांडणार आहे. नागरिकांना तीन मिनिटं मिळतात. गोदामातल्या त्या मित्राला फोन करून म्हटलं, माझ्यापेक्षा तुझं बोलणं जास्त लागेल, येशील का?

"किती वाजता आहे?" त्याने विचारलं.

सहा वाजता.