पेशंट फाईल आहे, मी नुसती सोबत

हिप रिप्लेसमेंट परदेशात करायचं ठरलं तेव्हा मला वाटलेलं की अवघड काम काय ते डॉक्टरांचं, आपण नुसतं जाऊन आडवं व्हायचं. हा गैरसमज साधारण दीड दिवस टिकला. मग तिकडच्या हॉस्पिटलचा मेल आला. त्यात मला कसं वाटतंय हे कुणी विचारलं नव्हतं, माझ्याकडे कागद कुठले कुठले आहेत ते विचारलं होतं. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पेशंट मी राहिलेच नाही, फाईल झाली. तिच्यावर कप ठेवायचा नाही, तिला पंख्याखाली उघडायचं नाही, आणि रात्री नवरा तिच्यावर एकदा हात फिरवूनच दिवा बंद करणार. माझा खुबा कसा आहे विचारायचं तो त्या गडबडीत दोन-तीन दिवस विसरला होता, पण ते जाऊ दे.

फाईल लावायला घेतली तर कळलं की तीन रिपोर्टांवर माझ्या नावाची तीन स्पेलिंगं आहेत आणि पासपोर्टवर चौथंच. पासपोर्टाप्रमाणे सगळं करून घ्या म्हणे. घेतलं. एका रिपोर्टवर वय 52 च्या जागी 25 पडलं होतं, तेवढा मात्र दुरुस्त करायला माझं मन होईना.

मग आला तिकडचा फॉर्म. त्यात ब्लड शुगर मिलिमोल या तिकडच्या युनिटमध्ये मागितलेली. आपल्याकडचा आकडा 18 ने भागायचा की झालं. नवऱ्याने माझे 126 भागले आणि उत्तर आलं 7! इतक्या वर्षांत पथ्याने, चालण्याने, कडू रस पिऊन जे झालं नाही ते नुसत्या भागाकाराने झालं, मी खुश. पण खालच्याच ओळीत किडनीच्या तपासणीचं क्रिएटिनिन होतं, ते 88.4 ने गुणायचं असतं, त्यामुळे माझं गरीब बिचारं 0.9 उठून थेट 80 झालं. नेमकी तेव्हाच मावशी आली आणि चष्मा वर करून तो आकडा वाचला. "अगं, खुब्याचं म्हणाली होतीस ना? किडनी कधी बिघडली?" तिला युनिट समजावून सांगण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि तरी जाताना दारात हळूच म्हणालीच, "पाणी भरपूर पीत जा हो."

एक्स-रेची वेगळीच कथा. त्या 14 बाय 17 इंचाच्या फिल्म कुठल्याच हँडबॅगेत मावत नाहीत, गुंडाळायच्या नाहीत, दुमडायच्या तर नाहीतच. तिकडून सांगितलं की फिल्म राहू दे, सीडी पाठवा, डायकॉम फाईल हवी, म्हणजे एक्स-रेची कॉम्प्युटरवर उघडणारी फाईल. सीडी होती हो घरात, पण सीडी घालायला भोक असलेला लॅपटॉप नव्हता. शेवटी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, तो सुरू व्हायला पंधरा मिनिटं, सगळे श्वास रोखून बसलोय, आणि स्क्रीनवर उमटला कुणाचा तरी खांदा. पाकिटावर नाव माझं, आत खांदा दुसऱ्याचा. त्याचंही बिचाऱ्याचं काही बरं दिसत नव्हतं. सीडी बदलून आणली तोवर माझा खुबा कुणी बघितला असेल या विचाराने मला दोन दिवस उगीच लाजल्यासारखं होत होतं.

औषधांची तर मी आधीच छान डबी भरून ठेवली होती, सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-रात्र. ती सगळी परत उपसावी लागली, कारण औषधं मूळ पाकिटातच हवीत आणि सोबत प्रिस्क्रिप्शन, तेही औषधाच्या मूळ नावाने, ब्रँड तिकडे कुणाला कळणार. साधी पॅरासिटामॉल, तिला सुद्धा काही देशांत असिटामिनोफेन म्हणतात. खोकल्याचं सिरप नवऱ्याने बाहेर काढलं, त्यात कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचं औषध होतं आणि कोडीनवर काही देश फार कडक आहेत. "खुबा दुखला तर चालेल, खोकायचं नाही," असं त्याने मला बजावलं. बॅग हरवली तर गोळ्या पण जायच्या म्हणून औषधं केबिन बॅगेत. शॅम्पू मात्र 100 मिलीच्या आतला, 2006 पासून लिक्विडची ही भानगड आहे. औषधाला त्यातून सूट असते, पण ते वेगळं काढून दाखवायचं.

इन्शुरन्सवाल्याने प्रेमाने समजावलं की बॅग हरवली, विमान चुकलं, अचानक दात दुखला, सगळं कव्हर आहे. फक्त ज्याच्यासाठी चाललोय तो खुबा सोडून. एअरलाईनला आणखी वेगळा फॉर्म, त्यात पेशंट प्रवासाला फिट आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं, म्हणजे ऑपरेशन लागावं इतकी मी आजारी हवी, आणि विमानात बसावं इतकी ठणठणीत. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही पत्रं एकाच पेनाने, न हसता लिहिली. तिसरं पत्र काठीचं: पेशंटला चालताना आधाराची गरज आहे, काठी सोबत राहू द्यावी. त्याच्या तीन झेरॉक्स.

कपड्यांना वेळच लागला नाही. ऑपरेशननंतर जास्त वाकायचं नाही म्हणून बिनलेसचे बूट, सैल पायजमे आणि लांब दांड्याचा शू-हॉर्न, जो बॅगेत फक्त तिरका मावतो आणि त्याच्याभोवती मग बाकीचा संसार. खाली बसायचं नसतं हे ऐकून नणंदबाईंनी कमोडवर ठेवायची उंच सीटच आणून दिली. हॉस्पिटलमध्ये असते हो ती! पण नवऱ्याने टेप घेऊन मापं घेतली तेव्हा मी खरंच घाबरले.

आदल्या रात्री वजन. आधी नवरा एकटा काट्यावर, मग बॅग उचलून, मग वजाबाकी. बॅग 26 किलो निघाली, लिमिट 23. नवऱ्याचं स्वतःचं वजनही चार किलो वाढलेलं निघालं, त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. उंच सीट गेली, दोन पायजमे गेले, माझी कादंबरी गेली. फाईलला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

पहाटे टॅक्सी आली. फाईल नवऱ्याच्या छातीशी, मोठी बॅग माझ्या हातात, चार चाकांची, धरून चालायला इतकी झकास की मी फाटकापर्यंत कशी आले ते कळलंच नाही. "अगं, आज तू लंगडत नाहीयेस!" नवरा खुश, मी पण खुश. अर्धा रस्ता गेल्यावर त्याने सवयीने फाईल उघडली, एकेक कागद मोजत काठीच्या पत्रापाशी आला, आणि मग आम्ही दोघांनी सावकाश एकमेकांकडे बघितलं.

झेरॉक्स तिन्ही होत्या.