‘एक करवीरकर’ यांच्या ‘खुराडी’ला उत्तर

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या कमर्शियल कॉम्प्लेक्सचे वरचे मजले वर्षानुवर्षं कुलपात आहेत, तिथं राहती घरं करू द्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक करवीरकर’ या नावानं प्रतिक्रिया आली: ‘मोकळ्या ऑफिसात माणसं घालायची म्हणजे खुराडी बांधायची. पार्किंग, ड्रेनेज, गाळेधारकांची संमती यावर एक ओळ नाही. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, आता ऑफिसंच लागणार. मॅनहॅटनचं सालही चुकलंय. बंगल्यात राहणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या संसाराचे नकाशे काढू नयेत.’

साल चुकलं, मान्य. लोअर मॅनहॅटनमधल्या रिकाम्या ऑफिस-इमारतींत घरं व्हावीत म्हणून न्यूयॉर्कनं करसवलत आणली ती १९९५ साली. मी १९९३ लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता बंगला. कुणाचा बंगला? माझे वडील लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीच्या वरच्या माडीवर दोन खोल्यांत आम्ही पाच जण अकरा वर्षं राहिलो. खाली पोती उतरायची, ज्वारीची धूळ जिन्यानं वर यायची, आई दिवसातून तीनदा झाडायची. संडास खाली, सगळ्यांचा मिळून एक. पण वडील दुपारी जेवायला वर यायचे, शाळा चालत दहा मिनिटांवर होती आणि रात्री दिवे लागलेले असायचे म्हणून रस्ता जागा असायचा. आज मी पाचगावात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि कामाला रोज शहरात येतो. त्याच लक्ष्मीपुरीत संध्याकाळी आठनंतर वर बघितलं तर ओळीनं काळ्या खिडक्या दिसतात. त्या बघून मी तो लेख लिहिला. माझ्या आईनं ज्या जागेत तीन पोरं वाढवली तिला ‘खुराडं’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हे मला खरोखर विचारायचं आहे. विरोध करा, पण बोलायची काही रीत असते.

खुराडी कशानं होतात, तेही सांगतो, कारण हा शब्द तुम्ही विचार न करता फेकला आहे. इंग्लंडनं २०१३ मध्ये ऑफिसांची घरं करायला नेहमीच्या बांधकाम परवानगीतून मोकळीक दिली. काही ठिकाणी बिनखिडकीच्या खोल्याही निघाल्या. ओरड झाली, मग २०२० मध्ये राहत्या खोलीला नैसर्गिक उजेड सक्तीचा झाला आणि २०२१ पासून किमान क्षेत्रफळाचा नियमही लागू झाला. म्हणजे दोष नियम सोडून देण्याचा होता. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर सांगितलेले आहेतच. शिवाय परदेशातल्या टॉवरचा मजला इतका रुंद असतो की मधल्या भागात उजेड पोचतच नाही. आपली जुनी कॉम्प्लेक्स अरुंद प्लॉटवरची, मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना गाळे. दोन गाळ्यांमधली विटांची भिंत काढली की रस्त्याच्या बाजूला खिडक्या असलेलं घर मिळतं. स्लॅबची काळजी असेल तर भारतीय मानकात घरासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, ऑफिससाठी २५० ते ४००, म्हणजे घरापेक्षा जास्तच. स्ट्रक्चरल ऑडिट तरीही हवंच, हे मी लेखात लिहिलं होतं.

ड्रेनेजवर ‘एक ओळ नाही’ हे खोटं आहे. आख्खा परिच्छेद आहे. प्रत्येक मजल्याला बोळाच्या टोकाला एकच बाथरूम असतं, त्यामुळे नवी बाथरूम मागच्या भिंतीला एकाखाली एक घ्यायची, पाइप बाहेरून उतरवायचे आणि स्लॅब फोडण्याऐवजी बाथरूमची फरशी वीतभर उचलायची. पुराचंही लिहिलं होतं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून घरं दुसऱ्या मजल्यापासून वर, मीटर आणि पंप पहिल्या मजल्यावर, असं मी सुचवलं. तुम्ही शीर्षक वाचून थांबलात असं दिसतं.

सर्किट बेंचचा मुद्दा तर माझ्या बाजूचाच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून बेंचचं काम सुरू झालं ते भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याकडे गेल्यावर मागं राहिलेली ती इमारत दुरुस्त करून वापरात आली. आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून येणाऱ्या ज्युनिअर वकिलांनी, कारकुनांनी राहायचं कुठं? ऑफिसं लागतील ती तळमजल्यावर आणि पहिल्यावर. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असलेल्या जिन्यानं पक्षकार चढत नाही.

गाळेधारकांची संमती लागते, ते कायद्याचं काम आहे, होईल. पार्किंगवर पुन्हा केव्हातरी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र दुसऱ्याचं घर कुठलं, बंगला किती मोठा, हे स्वतःचं नाव न लिहिता विचारणाऱ्याला मी एकदाच उत्तर देतो. लक्ष्मीपुरीतली ती माडी अजून उभी आहे, खाली पेढी नाही, वर कुलूप आहे. रविवारी सकाळी या, जिन्यापर्यंत मी स्वतः घेऊन जातो.