औंढ्याच्या लेझरनं मोबाइल जळणार नाहीत

औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगोबद्दल, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेझरनं टिपणाऱ्या वेधशाळेबद्दल, हिंगोली-परभणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'लेझर घन पदार्थावर आदळला की विद्युतचुंबकीय स्पंद सुटतो. लायगो सुरू झालं की पंचक्रोशीतले मोबाइल, मोटारींचे स्टार्टर जळतील, ढग पांगतील. टीव्ही तर आत्ताच जळायला लागलेत.'

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच बाकीचं पटून जातं. अतितीव्र लेझरचा ठोका धातूच्या पातळ पत्र्यावर पडला की इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतात. पत्र्यावर धनप्रभार उरतो. तो भरून काढायला पत्रा धरणाऱ्या दांडीतून प्रवाह धावतो आणि ती दांडीच अँटेना बनून विद्युतचुंबकीय स्पंद, म्हणजे रेडिओलहरींचा क्षणिक जोरदार झटका, सोडते. प्रयोगशाळेतली उपकरणं यामुळे खरंच बंद पडतात. पण त्यासाठी प्रकाश केसाहून बारीक ठिपक्यावर, सेकंदाच्या अब्जांश भागात किंवा त्याहून कमी वेळात ओतावा लागतो: चौरस सेंटीमीटरला एकावर सोळा शून्यं इतके वॅट, कधी त्याच्याही शेकडो पट. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे अतितीव्र लेझर वर्षानुवर्षं चालताहेत. कुलाब्यातले फोन काही जळाले नाहीत.

लायगोचा लेझर ठोके देतच नाही, तो अखंड चालतो. अमेरिकेतल्या लायगोत 4 किलोमीटरच्या निर्वात नळ्यांत, आरशांमध्ये येरझारा घालून त्याची शक्ती 3-4 लाख वॅटपर्यंत साठते. आकडा ऐकून कुणीही दचकेल. पण झोत तळहाताएवढा रुंद, त्यामुळे चौरस सेंटीमीटरला जेमतेम काही हजार वॅट पडतात. लाख कोटी पटींहून जास्त फरक! 'आरसाही घनच की,' असं कुणी म्हणेल. हो, पण तो प्रकाशाचा दहा लाखावा भागही शोषत नाही, मग इलेक्ट्रॉन उसळायचे कुठून?

आणि स्पंद सुटलाच तर पहिला फटका लायगोलाच बसेल. प्रोटॉनच्या हजारांश भागापेक्षाही कमी हालचाल टिपणारं यंत्र ते. आजूबाजूची चुंबकीय खळबळ कळावी म्हणून तिथं वेगळे मापक बसवलेले असतात.

ढगांचं म्हणाल तर झोत नळीबाहेर येतच नाही.

राहिले टीव्ही. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली, पण लेझर अजून बसलेलाच नाही. आपल्याकडे खरा विद्युतचुंबकीय स्पंद सुटतो तो वळवाच्या विजेतून. जवळपास वीज पडली की विजेच्या तारांतून आणि डिशच्या केबलमधून जादा दाब घरात शिरतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच टीव्हीचा प्लग काढा, आणि केबलही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.