सहा महिन्यांत बॅकएंड? त्या मेसेजला उत्तर

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: 'सहा महिन्यांत बॅकएंड डेव्हलपर व्हा. एक फ्रेमवर्क पुरे. डेटाबेसचं एआय बघेल. फक्त सोलापूर सोडा.' खाली पुतण्याचा प्रश्न, "काका, फी भरू का?"

बॅकएंड म्हणजे साइटमागचा, सर्व्हरवर चालणारा भाग. सहा महिन्यांत त्यातले लॉगिन आणि फॉर्म जमतात, खोटं नाही. पण पहिलं वर्ष बहुतेकदा दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधण्यातच जातं. मेसेजमध्ये ते वर्ष गायब आहे.

एक फ्रेमवर्क पुरे? फ्रेमवर्क म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा. जँगो 2005चं, लाराव्हेल 2011चं. उद्या तिसरं काही येईल. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल मात्र 1970च्या दशकातली, आणि रोज सकाळी तिच्याशीच गाठ पडते.

डेटाबेसचं एआय बघेल, या वाक्यावर मात्र माझा राग आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याची साइट धरा. गोदामात 50 डझन शिल्लक. नागपूरचा आणि हैदराबादचा व्यापारी एकाच क्षणी 50 डझनांचं बटण दाबतात. कोड म्हणतो, शिल्लक बघ, पुरत असेल तर वजा कर. दोघांनाही 50 दिसतात, दोघांचीही ऑर्डर पक्की. एकट्यानं तपासताना हे कधी दिसत नाही. ती नोंद ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा एका घासात) लॉक करावी लागते, म्हणजे दुसरा तोवर थांबतो. पेमेंटचंही तसंच: आपलं उत्तर पोचलं नाही तर गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, 'पैसे आले' हा निरोप पुन्हा पाठवतो. व्यवहाराचा नंबर आधी नोंदलाय का हे तपासलं नाही, तर एकदाच्या पैशात माल दोनदा रवाना.

माझी फजितीही सांगतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत दुकान वाढवून व्यापारी रात्री एक-दोनला ऑर्डर टाकायचे, आणि 14 जानेवारीचा माल माझ्या रिपोर्टात 13 तारखेला. चूक पकडली दिवाणजींनी, पेनानं लिहिलेल्या वहीवरून! एआयला विचारलं असतं तर उपाय चुटकीसरशी मिळाला असता. पण घोळ घड्याळाचा आहे, हे मला सुचायला हवं होतं ना.

राहिलं सोलापूर. पहिली नोकरी पुण्यात मिळण्याची शक्यता जास्त, आणि जाणत्या माणसाशेजारी बसून शिकणं फार मोलाचं. तेव्हा दोनेक वर्षं खुशाल जावं. मीही हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो होतो. आता परत सोलापुरात, सात रस्त्याजवळ घरात बसून काम करतो. सर्व्हर मुंबईत आहे, त्याला माझा पत्ता लागत नाही.

पुतण्याला म्हटलं, फी राहू दे. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, तो टाक. दोन खिडक्या उघड आणि दोन्हींतून तेच 50 डझन एकदम विक.

काल रात्री त्याच्या स्क्रीनचा फोटो आला. शिल्लक: उणे 50.