एएमएच कमी म्हणजे कूस उजवणारच नाही?

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एएमएच या अंडाशयातल्या हार्मोनबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘एएमएच 1 च्या खाली गेलं की अंडी संपली, मूल होत नाही. एफएसएच वाढलं म्हणजे डोक्यातली ग्रंथी बिघडली. काढा घ्या, 3 महिन्यांत एएमएच दुप्पट.’ तो वाचून भाची रामबागेत माझ्याकडे आली. पर्समधून एएमएचच्या रक्ततपासणीचा चार घड्यांचा रिपोर्ट काढला. 0.6 या आकड्याभोवती बॉलपेन इतकं गिरवलेलं की कागद फाटायला आला होता. “मावशी, संपलं ना गं सगळं?”

नाही संपलं.

अंडाशयात अंडं ज्या पिशवीत वाढतं ती फॉलिकल. एएमएच बनवतात त्या छोट्या फॉलिकलमधल्या, अंड्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी. त्यावरून साठ्याचा अंदाज येतो, अंड्याचा कस कळत नाही. आणि गर्भ राहायला अंडं लागतं एकच. 2017 साली अमेरिकेत वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, 30 ते 44 वयाच्या 750 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एएमएच 0.7 च्या खाली असलेल्यांना 6 पाळ्यांत दिवस जाण्याची शक्यता 65 टक्के निघाली, नॉर्मल असलेल्यांची 62. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, करताना मात्र हा आकडा महत्त्वाचा. तो कमी असला तर इंजेक्शनं देऊनही अंडी कमी मिळतात.

आता ‘बिघडलेली’ ग्रंथी. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन सोडते, त्यावर फॉलिकल वाढतात, आणि त्याच फॉलिकल इनहिबिन नावाचं हार्मोन बनवून पिट्यूटरीला ‘आता पुरे’ म्हणून कळवतात. वयाबरोबर फॉलिकल कमी झाल्या की इनहिबिन घटतं, लगाम सैल होतो, एफएसएच चढतं. यात ग्रंथी बिघडली कुठे? ती तर आपलं काम चोख करते आहे. हे इनहिबिन 1985 साली गाई-डुकरांच्या फॉलिकलमधल्या पाण्यातून शुद्ध करून काढलं. पाठोपाठ त्याच पाण्यात एफएसएच वाढवणारं अ‍ॅक्टिव्हिन सापडलं, आणि अ‍ॅक्टिव्हिनला धरून ठेवणारं फॉलिस्टॅटिनही. काही मिलिमीटरची पिशवी, आणि आत केवढा कारभार!

काढ्यानं नवी अंडी तयार होत नाहीत. मुलगी जन्मते तेव्हाच 10 ते 20 लाख असतात, पुढे ती घटतच जातात.

भाचीला विचारलं, “गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या?” मागच्या महिन्यापर्यंत होत्या. त्या गोळ्यांनी एएमएच तात्पुरतं उतरतं. रक्त घेताना हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता काही महिने थांबून ती पुन्हा तपासून घेणार आहे.